पडेल त्याने शोळिंगनल्लूरला यावे

॥ श्रीदत्त ॥
तांबरम, चेन्नई
मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, ५ डिसेंबर

श्रीमती संयुक्ताताई विहीणबाई यांस,
कमलिनीचा नमस्कार.

पत्र आलेलं पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. दर रविवारी तो व्हिडिओ असतो, पण त्यात आपण दोघी आपापल्या चौकटीत बसून नुसत्या हसतो, आणि माझा देवेश नि तुमची अदिती "आवाज येतोय का?" एवढंच विचारत राहतात. शिवाय तिथे बोललेलं सगळ्यांनी ऐकलेलं. त्यापेक्षा पोस्टाचं तिकीट परवडलं.

काल दत्तजयंती झाली. सुंठवडा सालाबादप्रमाणे केला, पण देवाआधी यांनाच लागला. यांना पडसं झालं आहे. आमच्याकडे रात्री पाऱ्यानं बावीसची पायरी उतरली की शहर थंडीला लागतं. दूधवाला कानटोपीत, वॉचमन मफलरमध्ये, आणि आमचे हे दोन्हींत. इथल्या आवडी गावच्या कारखान्यात रणगाड्यांच्या सुट्या भागांत उभं आयुष्य काढलेला माणूस, पण शिंक आली की मला हाक मारून सांगतात, शिंक आली म्हणून. पडसं एकाला होतं आणि दमते दुसरीच, हे तुम्हाला सांगायला नको.

आता मुख्य विषय. आमच्या मागच्या गल्लीतले रामस्वामी न्हाणीत घसरले तेव्हापासून देवेशनं नियम काढला आहे. आपल्या दोन्ही घरांतलं जे कुणी म्हातारं माणूस पडेल किंवा आजारी होईल, त्यानं बिनतक्रार चेन्नईतच शोळिंगनल्लूरला या दोघांच्या चौदाव्या मजल्यावर राहायला यायचं आणि मागचं घर बंद करायचं. अदितीनंही मान डोलावली म्हणे. नियमाबरोबर सामानही आलं. न्हाणीला नि उंबऱ्याला रबरी चटया, भिंतीला धरायचे दांडे, आणि मला मनगटी घड्याळ. माणूस पडला की ते आपणहून देवेशला फोन लावतं. मी गुरुवारी आरतीला टाळ्या वाजवल्या तर घड्याळ विचारतं, तुम्ही पडलात का? देवासमोर असलं बोलणं नको म्हणून मी ते डबीत घालून ठेवलं. दांड्यांवर यांचे बनियन छान वाळतात. चटया चांगल्या महागाच्या आहेत, वापरून झिजायला नकोत, म्हणून गुंडाळून कपाटावर टाकल्या.

त्या घरी मी गेले होते ना गणपतीत. उदबत्ती लावली तर छतातला भोंगा ओरडला आणि खालून दोन माणसं धावत आली. जिथे देवाला धूप दाखवायची चोरी, तिथे मी राहायची कशी?

असो. आपल्या नातीची, इराची पहिली संक्रांत. बोरन्हाणाला हलव्याचे दागिने मी स्वतःच्या हातांनी करणार आहे, सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. विकतचा हलवा आमच्याकडे चालत नाही. इथल्या दमट हवेत काटा धरणं अवघड, पण करू.

तब्येतीस जपा. साताऱ्याला तर खरीच थंडी असेल.

आपली,
कमलिनी


सातारा
१२ डिसेंबर

सौ. कमलिनीताई यांना संयुक्ताचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून करमणूक झाली. बावीसला थंडी म्हणतात हे इथे शेजारणीला सांगितलं तर तिला खरं वाटेना. आमच्याकडे पहाटे नळाचं पाणी हाताला चावतं. तरी मी अंधारात उठून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊन येते. शाळेत होते तेव्हापासूनची सवय. माझ्या औषधांच्या डब्यात सुईदोरा असतो, त्यावरून काय ते समजा.

देवेशरावांचा नियम मला मान्य आहे, कारण तो मला लागू होण्याचा प्रश्नच नाही. जावई प्रेमानं करतात. मात्र त्या चौदाव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं की मला दरदरून घाम फुटतो, हे अदितीला बोलू नका. आणि माझी इथली खोली, माझी पुस्तकं, माझ्या भिशीतल्या बायका. मुलीच्या घरी जाऊन टी.व्ही.चा रिमोट मागून घ्यायचं वय नाही माझं.

पुरुषोत्तमरावांना गरम पाण्याच्या गुळण्या सांगा. फार लाड करू नका.

दागिन्यांत मुकुट, हार, बाजूबंद आणि कंबरपट्टा एवढं तरी हवंच. मी केले असते, पण मान वडिलांच्या आईचा. हलव्याला काटा नीट येऊ द्या हो. गुळगुळीत हलवा म्हणजे नुसत्या साखरेच्या गोळ्या.

गेल्या रविवारी व्हिडिओला नव्हते, कारण नेटवर्क नव्हतं.

आपली,
संयुक्ता


॥ श्री ॥
तांबरम
२२ डिसेंबर

ती. संयुक्ताताईंना सा. न. वि. वि.

कमलिनी सांगते आहे आणि मी लिहितो आहे, कारण तिचे हात पिठाचे आहेत. (पुरुषोत्तमचा नमस्कार.)

इकडे सर्व क्षेम. मार्गळी सुरू झाली आहे. हा तमिळ लोकांचा पहाटे उठण्याचा महिना, दारोदार मोठमोठे कोलम, म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळ्या, देवळात भजन. आमच्या वरच्या मजल्यावर कनकाबाई राहतात, तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की जुनी पोथी मध्येच तमिळमध्ये बोलू लागल्यासारखं वाटतं. त्यांचा कोलम जिन्यापासून फाटकापर्यंत गेला आहे. आमचाही यंदा मोठा काढला होता. (पहिल्या दिवशी. नंतर नाही. माझं पडसं आता छातीत उतरतं आहे असं मला वाटतं, हिला वाटत नाही.)

पूजा सध्या हे करतात. मी म्हटलं, पुरुषानंही करावी. (काल अभिषेकात शिंक आली. पुन्हा अभिषेक करावा लागला.)

हलव्याचं काम हळूहळू चाललं आहे. (मला तरी अजून दिसलेलं नाही.) यांनी मध्ये मध्ये काय लिहिलं आहे ते मला वाचून दाखवत नाहीत, तरी काही वावगं असेल तर मनावर घेऊ नये.

रविवारी तुम्ही चौकटीत दिसलात, पण बोलला नाहीत, नुसती मान हलवलीत. आणि तुमच्यामागे फडताळात नळी असलेलं पांढरं काहीतरी होतं, ते काय? सहज विचारते.

हिच्यातर्फे,
पुरुषोत्तम
(सुंठ संपली आहे आणि बाजारात मला जावं लागतं आहे, यावरून घरातली परिस्थिती ओळखावी.)


सातारा
२७ डिसेंबर

सौ. कमलिनीताई,

पिठाचे हात आठवडाभर पिठाचे राहत नाहीत. पीठ तरी संपतं नाहीतर पाहुणे तरी जातात. रविवारी तुम्ही उजवा हात पदराखाली घेऊन बसला होतात आणि डाव्यानं इराला टाटा केलात. आयुष्यभर पाचवीच्या वर्गावर उभी राहिलेली बाई आहे मी. हात लपवणाऱ्या पोराच्या हाताला काहीतरी झालेलं असतं, किंवा हातात कैरी असते. चेन्नईत या दिवसांत कैरी मिळत असेल तर तसं कळवा.

फडताळातलं पांढरं म्हणजे इडलीपात्र. नवं घेतलं.

मी ठणठणीत.

संयुक्ता


॥ श्री ॥
तांबरम
१ जानेवारी

संयुक्ताताई,

डाव्या हातानं लिहिते आहे, ओळी वाकड्या होतील. इडलीपात्राला नळी नसते. लग्न होऊन या शहरात आल्यापासून मी इडल्या करते आहे. ते वाफ घ्यायचं यंत्र आहे, आमच्या कनकाबाईंकडे तसलंच आहे. तेव्हा तुम्ही मला विचारलंत, मी तुम्हाला विचारते. पण आधी माझं सांगते, कारण वेळ उरला नाही.

मार्गळीच्या पहिल्या पहाटे पायरी धुऊन कोलम काढायला बसले. कनकाबाईंचा एवढा मोठा, मग माझा त्याहून चार ठिपके मोठा. मागे सरकत सरकत काढताना ओल्या पायरीवरून गेले ते थेट हातावर. देवेशची चटई तिथेच असती तर पडले नसते. ती कपाटावर, झिजू नये म्हणून. आता तुम्ही हसलात तरी चालेल.

हाडाला चीर आहे. कनकाबाई मला हाडं बसवणाऱ्या वैद्याकडे घेऊन गेल्या. त्यानं औषधाचा पट्टा घातला, कामट्या बांधल्या, आणि सगळं झाल्यावर कनकाबाईंनी सांगितलं की त्या लेपात अंड्याचा बलक असतो. माझ्या हातावर! जन्मात ज्याची टोपली माझ्या उंबऱ्याला लागली नाही ते मी मनगटावर बांधून घरात आणलं. त्या हातानं देवाला शिवायचं कसं? म्हणून पूजा हे करतात आणि देवांना पडसं व्हायची वेळ आली आहे. नंतर दवाखान्यातही जाऊन आले, तिथे म्हणाले, बसलं आहे ठीक, हात हलवू नका.

हात हलवू नका, आणि हलवा करायचा आहे. खसखशीवर पाकाचा थेंब सोडत बोटांनी फिरवत राहायचं काम, ते डाव्या हातानं होत नाही. करून पाहिलं. लाडू झाला. विकतचा आणला तर अदिती काही म्हणणार नाही, पण देवेश लगेच विचारेल, आई, तू का नाही केलास? माझ्या हातच्या हलव्यावर तो वाढला आहे. एकदा त्यानं विचारलं की मी खोटं बोलू शकणार नाही, आणि मग माझं तांबरमचं घर बंद. तुळस कुणाला तरी द्या, देव एका कप्प्यात मावतील एवढेच न्या. यांची आरामखुर्ची त्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही, हे यांनी टेप नेऊन मोजून आणलं आहे.

विहिणीकडे काही मागू नये असं मला माझ्या आईनं शिकवलं. तरी मागते. तुम्ही या. मुलांना न सांगता सरळ तांबरमला. दागिने तुम्ही करा, मी शेजारी बसून खुब्या सांगते. मान वगैरे राहू द्या.

आता ते नळीचं सांगा.

कमलिनी


सातारा
५ जानेवारी

कमलिनीताई,

तुमच्या डाव्या हाताचं अक्षर पुरुषोत्तमरावांच्या उजव्यापेक्षा बरं आहे.

दिवाळीपासून खोकला आहे. आधी म्हटलं फटाक्यांचा धूर, मग म्हटलं धूळ, आता काही म्हणता येत नाही. अजिंक्यताऱ्याला मी नोव्हेंबरात शेवटची गेले. आता जाते ती फक्त पत्रात. व्हिडिओत तोंड उघडलं की ढास लागते, म्हणून मान हलवते. डॉक्टर म्हणाले, थंडीचे महिने कुठेतरी उबदार गावी काढा, कुणी आहे का तिकडे? मी म्हटलं, कुणी नाही. पोटची मुलगी तिकडे असून असं म्हणाले. नियम मला लागू होणार नाही असं मी तुम्हाला लिहिलं होतं, ते या पत्रातून खोडून टाकावं.

तुमच्याकडे फुप्फुसं आहेत आणि माझ्याकडे हात आहेत. दोघींचं मिळून एक धड माणूस होईल. येते.

एकच अडचण होती. आमच्यात मुलीच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. पण नातवंड झालं की ती अट सुटते. इरानं माझी सोय करून ठेवली आहे. तेवढ्यासाठी तरी तिला कंबरपट्टा चांगला व्हायला हवा.

गाडीचा दिवस पुरुषोत्तमरावांना फोनवर सांगीन. आवाज घोगरा आला तर त्यांनी घाबरू नये, त्यांना स्वतःखेरीज कुणी आजारी असू शकतं याची सवय नाही.

संयुक्ता


॥ श्री ॥
तांबरम
२३ जानेवारी

संयुक्ताताईंस नमस्कार.

हे पत्र अदितीच्या पिशवीतून पाठवते आहे, शोळिंगनल्लूरला पोचेपर्यंत गूळपोळ्यांचं तूप लागलं तर तसंच वाचा. उजव्या हातानं थोडं थोडं लिहिता येतं.

तुम्ही इराजवळ राहिलात म्हणून इथे मला देवेशकडे बघता येतं आहे. बोरन्हाणाच्या वेळी तुम्ही आत यंत्र लावून बसला होतात, त्यामुळे नेमकं काय घडलं ते तुम्हाला कुणी धड सांगितलं नसेल. अदिती सांगते त्यात ती लाजून निम्मं गाळते.

चौदाव्या मजल्यावरच्या त्या बैठकीत तुम्ही सजवलेली इरा पाटावर बसली. मुकुट तिनं लगेच चाटायला घेतला. मी शाल गुंडाळून कोपऱ्यात होते. चेन्नईत दुपारी शाल म्हणून आलेल्यांतल्या दोघींनी विचारलं, मी म्हटलं, थंडी. या शहरात तेवढं उत्तर पुरतं. आपण तांबरमहून चटया नेल्या होत्या ना कपाटावरच्या, नव्या कोऱ्या. मी देवेशला म्हटलं, चुरमुरे, बोरं, हलवा सगळं खाली सांडणार, तुझी फरशी आरशासारखी, तर या अंथर. तो हसला.

"आई, इथे कशाला? इथे कोण म्हातारं आहे?"

मग त्यानंच सूप उचलून इराच्या डोक्यावर ओतलं. पोरं गोळा करायला धावली, हा फोटोसाठी मागे सरकला. मागे सरकत जाणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं, पण सांगेपर्यंत पाय हलव्यावर पडला होता. ताई, राग मानू नका, पण आपल्या हलव्याला काटा बोथटच आला होता. नीट धरला असता तर पोरगा घसरून आपटला नसता. मी धरायला दोन्ही हात पुढे केले, शाल गळाली आणि कामट्या बांधलेलं मनगट सगळ्यांसमोर आलं. खाली बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "आई, हे कधी झालं?"

मी म्हटलं, "तू पडायच्या आधी."

तेवढ्यात आतून तुमची ढास ऐकू आली आणि अदितीचा चेहरा उतरला. आणि मग तुम्ही यंत्राची नळी हातात घेऊन बाहेर आलात आणि जावयाला शांतपणे विचारलंत, "देवेशराव, पडेल त्यानं काय करायचं असं ठरलं होतं?" तुम्ही पाचवीच्या वर्गावर कशा असाल ते मला तेव्हा दिसलं. पोरानं खाली मान घातली.

आता तो इथे, पुढच्या खोलीत. पायाला प्लास्टर, पाय उशीवर, मांडीवर लॅपटॉप. अदितीला ऑफिस आणि इरा, त्यात याला उचलणार कोण? आमचं घर तळमजल्याचं, उंबऱ्यालगत रिक्षा येते. हे त्यालाच दवाखान्यात सुचलं. यांचं पडसंही दुसऱ्या दिवशी त्याला लागलं. यांनी आपली कानटोपी काढून त्याला दिली, म्हणाले, वारसा. आता दोघं मिळून शिंकतात आणि दोघंही मला सांगतात.

येणारा-जाणारा आधी माझ्याशी बोलतो. जेवला का? झोप लागते का? औषध घेतो का नीट? तो तिथेच असतो, पण विचारतात मला. कनकाबाई वरून येऊन त्याच्या कानाशी मोठ्यानं तमिळमध्ये विचारतात, पाय कसा आहे. परवा त्याला न्हाणीत नेताना त्याला तो दांडा लागला, बनियनं बाजूला करून धरला. तोल सावरला. मग म्हणाला, "आई, माणूस आडवा झाला की सगळे त्याच्याशी इतकं मोठ्यानं का बोलतात?"

मी त्याच्या पाठीवर पाणी घातलं.

रात्री जेवताना त्यानं आपणहून सांगितलं की घर बंद करायचं नाही. तो नियम चुकला. फक्त चटया अंथर, एवढंच. मी अंथरल्या आहेत. झिजतील, झिजू देत. तुमचंही मी त्याच ताटावर काढलं. तुम्ही होळीपर्यंत इथे तांबरमला राहणार, आणि साताऱ्याची खोली तुमची तशीच राहणार. हो म्हणाला. तोंडात घास होता, पण हो म्हणाला.

काल गुरुवार. वैद्याचा पट्टा उतरला, हात गरम पाण्यानं, मग गोमूत्रानं, मग पुन्हा पाण्यानं धुतला आणि पूजा मी केली. दत्ताच्या चेहऱ्यावर यांच्या शिंकांतून सुटका झाल्याचं समाधान होतं. देवेशला खुर्चीत बसवून आरतीला घेतलं. त्याआधी डबीतलं घड्याळ काढून त्याच्या मनगटाला बांधलं. म्हटलं, पाय लंगडा आहे, पुन्हा पडलास तर कळायला हवं. नाही म्हणायची त्याची सोय नव्हती, त्यानंच आणलेलं. आरतीत टाळ्या वाजवताना घड्याळानं विचारलं, तुम्ही पडलात का? त्यानं प्लास्टरकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि टाळ्या चालू ठेवल्या. उत्तर दिलं नाही म्हणून घड्याळानं ठरल्याप्रमाणे मुलाला फोन लावला.

फोन त्याच्याच खिशात वाजला. आरती संपेपर्यंत वाजत होता.

पायाचं प्लास्टर निघालं की तो तिकडे येईल आणि तुम्ही इकडे या. मागची खोली झाडून ठेवली आहे, खिडकीतून तुळस दिसते. यंत्र आणा, त्याला इडलीपात्राशेजारी जागा केली आहे.

आपली,
कमलिनी